‘वुई’मध्ये कोण कोण

“वुई आर मूव्हिंग टू क्युपर्टिनो,” अदिती तोंडातला सीरिअलचा घास न गिळताच म्हणाली, “अँड मॉम सेड नॉट टू टेल यू येट.” एवढं बोलून तिने पुन्हा टीव्हीकडे तोंड फिरवलं. जगन्नाथराव पांढरीपांडे यांनी सवयीप्रमाणे आधी वाक्य तपासलं. नागपूरच्या एका जुन्या मुलांच्या शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेलेला माणूस दुसरं काय करणार? काळ बरोबर. ‘नॉट टू टेल’ बरोबर. ‘येट’ तर नको तितक्या अचूक जागी. नातीच्या वाक्यात काढण्यासारखी चूक नव्हती, आणि चूक सापडली नाही म्हणून मग अर्थाकडे बघणं भाग पडलं. त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. ती बशीदेखील त्यांनी हट्टाने विकत आणायला लावली होती. या घरात एरवी सगळे बादलीएवढ्या मगमधून पीत आणि तो मग हातात धरून घरभर हिंडत. क्युपर्टिनो म्हणजे कॅलिफोर्निया. मुलाला, शंतनूला, तिकडच्या कुठल्या तरी कंपनीने बोलावलंय हे त्यांच्या कानावर आलं होतं, पण ते असंच, उडत उडत, जेवणाच्या टेबलावरून मीठ सरकवताना येतं तसं. आता ‘मूव्हिंग’ झालं होतं. आणि सांगायचं नव्हतं. अजून.

“वुई म्हणजे कोण कोण ग?” असं विचारायला काही लागलं नसतं. पोरगी नऊ वर्षांची, तिने बोटांवर मोजून सांगितलं असतं. पण विचारणं जगन्नाथरावांना कधी जमलं नाही. वर्गात प्रश्न ते विचारत, पण त्या प्रश्नांची उत्तरं त्यांना आधीच पाठ असत. ज्याचं उत्तर आपल्याकडे नाही असा प्रश्न विचारायचा म्हणजे समोरच्यापुढे हात पसरायचा, आणि तोही अशा माणसांपुढे, जी सकाळच्या पारी थंड दुधात कागदाचे तुकडे बुडवून खातात. त्यांनी पेपर उचलला आणि बेसबॉलचं पान, ज्यातलं त्यांना अक्षर कळत नसे, अत्यंत लक्ष देऊन वाचायला घेतलं.

तेवढ्यात सून किल्ल्या वाजवत खाली आली. आश्लेषा पुण्याची, इथे एका बँकेत नोकरीला, दिवसाकाठी चार भाषणं फोनवर देणारी. “बाबा, रेडी का? तुम्हाला ड्रॉप करते अँड देन अदितीचा स्विमिंग क्लास आहे. परत येताना शंतनू पिक अप करेल.” तिच्या या बोलण्याला जगन्नाथराव मनातल्या मनात गोधडी म्हणत, सगळ्या चिंध्या, अख्खं कापड एकही नाही. गाडीत ती गप्प होती. एरवी तिच्या बडबडीने त्यांचं डोकं उठे, आज गप्प बसल्यामुळे उठलं. गुरुवारी ती पुण्याच्या बहिणीशी बोलताना त्यांनी जिन्यावरून ऐकलं होतं, “हो ग, आम्ही जूनमध्ये शिफ्ट होतोय,” तेव्हा त्यांना वाटलं होतं की स्वयंपाकघराचं काम निघालंय, तेवढ्यापुरतं दुसरीकडे राहायचंय. ते आठवून ते खिडकीबाहेर बघत राहिले. शुगर लँड. गावाच्या नावात साखर आणि चव पुठ्ठ्याची. एकासारखं एक घर, घरापुढे न्हाव्याने कापल्यासारखी हिरवळ, हिरवळीवर माणूस नाही. माणसं सगळी गॅरेजमधून गाडीत आणि गाडीतून गॅरेजमध्ये. नागपूरच्या उन्हाला निदान अब्रू होती, ते कोरडं होतं. इथलं ऊन ओल्या फडक्यासारखं अंगाला चिकटतं. “तुमच्या या देशात,” ते म्हणाले, “पाय कशाला दिलेत माणसाला कोण जाणे.” आश्लेषाने नुसतं “हं” केलं. दोन वर्षांपूर्वी तिने हसून तरी दाखवलं असतं. तेव्हा ते नवे होते, त्यांची बायको रत्ना नुकती गेली होती, आणि सासरे काहीही बोलले तरी सून डोळ्यांत पाणी आणून ऐकत असे. मग त्यांच्या ग्रीन कार्डाचं झालं, आणि ते पाहुण्यांतून उठून घरच्या माणसांत बसले, म्हणजे ज्यांच्या बोलण्याला नुसतं “हं” करतात त्यांच्यात.

हा शनिवारचा वर्गही तिनेच शोधून काढला होता. “बाबा, यू आर सो बोअर्ड यार,” असं सासऱ्याला यार म्हणून तिने एका चर्चच्या हॉलचा पत्ता आणला. व्हॉलंटिअर टीचर हवेत, इंग्लिश ग्रामर, व्होकॅब्युलरी, रीडिंग. जगन्नाथरावांनी दोन दिवस आढेवेढे घेतले आणि तिसऱ्या दिवशी कोटाला इस्त्री केली. अमेरिकेला शेवटी कळलं, असं त्यांना वाटलं. इथल्या पोरांना स्वतःच्या भाषेतला ‘हू’ आणि ‘हूम’ कळत नाही, ‘आय डिडन्ट डू नथिंग’ म्हणतात, यांना कुणी तरी वळण लावायलाच हवं होतं. हॉलमध्ये गेले तर समोर डझनभर व्हिएतनामी मुलं. काही आदल्या वर्षीच्या वादळात घर गमावून न्यू ऑर्लिन्सहून आलेली, काही सरळ तिकडूनच, मेकाँगच्या काठावरून, अजून विमानाची झोप डोळ्यांत असलेली. वर्ग चालवणारा मिस्टर फान दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून वाकला, ‘पांढरीपांडे’ म्हणायचा एकदा प्रयत्न करून त्याने तो कायमचा सोडला, आणि “थय,” म्हणाला. थय म्हणजे सर. जगन्नाथरावांना घोर फसवल्यासारखं वाटलं. सात समुद्र ओलांडून यायचं ते या पोरांसाठी? पण कोट घातलेला होता, आणि मुलं उभी राहिली होती. सर आल्यावर वर्ग उभा राहतो हे बघून त्यांना किती वर्षं झाली होती. ते थांबले ते त्या एका गोष्टीसाठी, पण घरी जाऊन त्यांनी सांगितलं की त्या बिचाऱ्यांना फार गरज आहे.

आजही वर्ग उभा राहिला. मागच्या किचनमधून कसल्या तरी हाडांच्या रश्शाचा वास येत होता. कसल्या, ते जगन्नाथरावांनी कधी विचारलं नव्हतं, नाकाला रुमाल तेवढा लावत. “थय ईट ऑलरेडी?” पहिल्या बाकावरच्या मुलाने अदबीने विचारलं. ही त्यांची जेवलात का म्हणण्याची रीत. “हॅव यू ईटन,” जगन्नाथराव म्हणाले, “यू! मी समोर उभा आहे, मी यू आहे. आय अॅम यू!” वर्ग गोंधळला. या मुलांच्या तोंडून ‘यू’ काही केल्या निघत नसे. त्यांच्या भाषेत म्हणे समोरच्याला नात्यानेच हाक मारायची. सर, ताई, काका, मामी. आणि स्वतःलाही ‘मी’ म्हणायचं नाही, ‘एम’ म्हणायचं, म्हणजे धाकटं भावंड. सगळं गावच एकमेकांचं नातेवाईक. अशा भाषेत व्याकरण काय कपाळ राहणार? आणि राहिलं नव्हतंच. काल, आज, उद्या, क्रियापद जिथल्या तिथे, जागचं हलत नाही. एक भाऊ, दोन भाऊ, सगळे ‘ब्रदर’. आणि तोंडात येणाऱ्या प्रत्येक शब्दाची शेपटी गिळायची. “यस्टर्डे माय मदर गो हॉस्पिटल,” एका मुलाने वाचलं. “वेंट. वेंट टू द हॉस्पिटल.” “वेन,” मुलगा म्हणाला. “टी! टी कुठे गेला? वेंटट.” “वेन.” तीनदा वेन झालं तेव्हा जगन्नाथरावांनी फळ्यावर टी एवढा मोठा काढला की त्याची आडवी रेघ फळ्याबाहेर गेली. मुलाची आई हॉस्पिटलमध्ये कशाला गेली होती हे त्यांनी विचारलं नाही. ते वाक्य होतं, आणि वाक्यातल्या आयांना काही होत नसतं.

मग सर्वनामांचं पान निघालं. एक उतारा होता, तळ्यावर सहलीला जाणाऱ्या कुठल्याशा गुळगुळीत कुटुंबाचा: वुई आर गोइंग टू द लेक, वुई हॅव अ बोट. खाली रिकाम्या जागा भरा. जगन्नाथराव खिडकीशी उभे राहून मनात क्युपर्टिनोचं स्पेलिंग करत होते. तेवढ्यात लिएनने हात वर केला. लिएन चौदाएक वर्षांची, वर्गात सगळ्यात नवी, सहा महिन्यांपूर्वी आलेली. गाल आत गेलेले, आणि प्रश्न विचारण्याची वाईट खोड. “थय,” ती म्हणाली, “धिस ‘वुई’. थय इन? ऑर थय नॉट इन?” “व्हॉट?” “आय से टू थय, वुई गो लेक. थय गो? ऑर ओन्ली माय फॅमिली गो, थय स्टे होम?” जगन्नाथरावांना काही कळेना. त्यांना वाटलं ही बोट प्रकरणाविषयी काही विचारतेय. तिने मग दोन्ही हात वापरले. एका हाताने हवेत मोठं वर्तुळ काढलं, स्वतःपासून थेट त्यांच्या कोटापर्यंत, आणि म्हणाली, “चुंग ता.” मग लहान वर्तुळ काढलं, स्वतःभोवती आणि शेजारच्या मुलीभोवती, सरांना वगळून. “चुंग एम.” मग दोन्ही हात पालथे करून पुस्तकावर आपटले. “इंग्लिश हॅव ओन्ली वन. हाउ पीपल नो?”

“फ्रॉम द कॉन्टेक्स्ट,” जगन्नाथराव आपोआप म्हणाले, आणि तोंडात मारल्यासारखे गप्प झाले. कारण हे त्यांना माहीत होतं. आपण आणि आम्ही. ऐकणारा आत असेल तर आपण, बाहेर असेल तर आम्ही; बोबडं बोलणाऱ्या पोरालाही हे कधी शिकवावं लागत नाही. ‘आम्ही येतो’ म्हणून पाहुणे उठतात आणि ‘आपण निघू या’ म्हणून नवरा बायकोला उठवतो, आणि आयुष्यात कुणाची गल्लत होत नाही. आणि बत्तीस वर्षं त्यांनी पोरांकडून दोन्हींचं भाषांतर एकाच शब्दात करून घेतलं होतं. आपण खेळू, वुई शॅल प्ले. आम्ही खेळू, वुई शॅल प्ले. दोन्हींना बरोबरची खूण, लाल शाईने. काही तरी गळतंय हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. उलट ते पालकसभेत उभे राहून सांगत की मराठी भावनेची भाषा आहे, पण बुवा नेमकेपणा पाहिजे असेल तर इंग्रजी. नेमकेपणा! लिएन अजून उभी होती. तिच्या शाळेतल्या मुली, ती सांगू लागली, म्हणाल्या वुई आर गोइंग टू द मॉल. तिला वाटलं आपण. ती त्यांच्याबरोबर पार्किंगपर्यंत गेली, हसत हसत गेली, आणि सगळ्या गाडीत बसल्या. “नो सी फॉर मी,” ती म्हणाली. “देअर वॉज नो सीट फॉर मी,” जगन्नाथराव म्हणाले. “देअर वॉज नो सी फॉर मी,” लिएनने मुकाट्याने म्हटलं. शेजारची मुलगी फिसकन हसली. लिएन नाही हसली, ती उत्तराची वाट बघत उभी होती, पेन धरून, जणू सर आता नियम सांगतील आणि ती उतरवून घेईल. “इंग्लिश डज नॉट नीड इट,” जगन्नाथराव म्हणाले, आणि पान उलटलं. पुढच्या पानावर अनेकवचनं होती. मुलांनी ती जोरजोरात म्हटली, शेपट्या गिळून.

मुलं घोकत होती आणि जगन्नाथराव खुर्चीत बसले होते. वर्गात बसणाऱ्या शिक्षकाचा ते आयुष्यभर तिरस्कार करत आले होते. त्यांना भीती वाटत होती. विद्वत्तेला शोभेल अशी कसली सूक्ष्म अस्वस्थता वगैरे नव्हे, साधी पोटातली भीती, जत्रेत हात सुटलेल्या पोराला वाटते तशी. रत्ना गेल्यावर ते नागपूरच्या फ्लॅटमध्ये तीन महिने एकटे राहिले होते. दूधवाला, पेपरवाला आणि खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याखेरीज कुणाशी बोलणं नाही, एका दुपारी त्यांनी घड्याळाला “वाजले किती?” असं मोठ्याने विचारलं होतं, आणि त्या रात्री शंतनूला फोन करून म्हणाले होते, तुम्हाला अडचण नसेल तर येतो. ते घड्याळ अजून तिथे भिंतीवर होतं, बंद. त्या भिंतीसमोर पुन्हा जाऊन बसायचं? रत्ना बिचारी उठता बसता आपण आपण करायची. आपण भाजी आणू या, आपण आज लवकर जेवू या. भाजी तीच आणायची, लवकर जेवायचे हे, पण शब्द आपण. त्यांना त्या शब्दाचा कंटाळा होता, त्यात शेजारपाजारचा वास येई. “आपण शंतनूकडे जाऊन येऊ या का हो एकदा?” असं तिने किती तरी वेळा विचारलं. “तू जा,” ते म्हणत. तिला इंग्रजी येत नाही, ती एकटी विमानात बसायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि तिला इंग्रजी न येण्यातही त्यांचा हात होता. लग्न नवं असताना हेडमास्तरांच्या घरी चहाला गेले होते, तिथे रत्ना धीर करून म्हणाली, “माय हजबंड टीच मी इंग्लिश,” आणि यांनी कपही खाली न ठेवता म्हटलं, “टीचेस.” हेडमास्तर हसले, त्यांची बायको हसली, रत्नाही हसली, आणि त्यानंतर तिने त्या भाषेतला एक शब्द म्हणून तोंडातून काढला नाही. जगन्नाथरावांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही होतं असं त्यांना वाटतच नव्हतं. चूक होती. दुरुस्त केली.

शंतनूवर मात्र त्यांनी मेहनत घेतली. रात्रीच्या जेवणाला घरात फक्त इंग्रजी. मराठी शब्द तोंडातून गेला की ताटात काही पडायचं नाही. पोरगं सात वर्षांचं. भाताला राइस आहे, वरणाला ओढूनताणून डाल म्हणता येतं. पोळीला काय म्हणणार? “पास मी द पोळी,” तो म्हणाला. “पोळी इज नॉट इंग्लिश.” “पास मी द ब्रेड.” “दॅट इज नॉट ब्रेड.” पोरगं पोळीकडे बघत आठवडाभर नुसता भात खात राहिलं, आणि रत्ना ओट्याशी पाठ करून उभी राहत असे. तिने मागाहून अंधारात त्याला भरवली असणार, ते त्यांना कळत होतं आणि न कळल्यासारखं ते दाखवत. त्याच मुलाला पुढे बोर्डात इंग्रजीत कोण गुण पडले, तो इंजिनिअर झाला, त्याच्या इंग्रजीने त्याला अमेरिकेपर्यंत आणलं. आता त्यांना कुणी विचारावं की पोळी मोठी की अमेरिका. पण एक गोष्ट त्यांनी दोन वर्षांत पाहिली होती. शंतनू मराठी चांगलं बोले, गमतीने, सैल, नागपुरी हेल काढून. पण काही अवघड सांगायचं आलं, कुणी मेलं, कुणाची नोकरी गेली, की तो इंग्रजीत शिरे. कोट घालावा तसा. आणि त्या इंग्रजीत वुई एकच होतं, दार नसलेल्या खोलीसारखं, कोण आत आणि कोण बाहेर ते भिंतीलाच माहीत.

वर्ग सुटला. मुलं उभी राहिली, “बाय थय” झालं. शंतनूची गाडी बाहेर उभी होती, आतला एसी चालू, तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. चाळिशीला आलेला, डोक्यावरचे केस विरळ, बापाचंच मोठं नाक. “कसा झाला क्लास, बाबा?” “कसला क्लास! गाढवांना ओळीत उभं करायचं काम.” शंतनू पूर्वी हसायचा. त्याने गाडी काढली. बेलएअर रस्त्यावरच्या व्हिएतनामी पाट्या मागे जाऊ लागल्या, अक्षरांच्या डोक्यावर टोप्या आणि पायाशी ठिपके असलेल्या, दुकानं, दवाखाने, वकील; एक अख्खं गाव या लोकांनी इथे येऊन मांडलं होतं आणि त्याला स्वतःच्या भाषेत पाट्या लावल्या होत्या, कुणाची परवानगी न घेता. जगन्नाथरावांना त्याचा रागच आला. त्यांनी ठरवलं होतं की मराठीत विचारायचं. इंग्रजीत वुईच्या आड लपता येतं. मराठीत पोराला निवड करावी लागेल, आपण म्हणावं लागेल किंवा आम्ही म्हणावं लागेल, तिसरा दरवाजा नाही. चर्चपासून त्यांनी वाक्य जुळवत आणलं होतं. आणि पहिल्या सिग्नलला ते तोंडातून गेलं ते असं: “कॅलिफोर्नियाला कधी निघताय?”

शंतनूने आरशात बघितलं, मग रस्त्याकडे. “अदिती बोलली वाटतं.” “ती खोटं बोलत नाही. तुमच्यातली तीच एक.” “बाबा, वुई वेअर गोइंग टू टेल यू.” “वुई म्हणजे?” “म्हणजे आश्लेषा आणि मी.” हे वुई तरी स्पष्ट झालं, जगन्नाथराव मनात म्हणाले, एक निकाली निघालं, दुसरं राहिलं. ते आता विचारायचं. त्यांनी ओठ उघडले, पण त्यांच्याआधी शंतनूच बोलला, आणि आश्चर्य म्हणजे मराठीत बोलला, हळू, शब्द पायाने चाचपत. “तुम्ही ‘निघताय’ म्हणालात, बाबा. ‘कधी निघायचं’ नाही म्हणालात.” जगन्नाथरावांनी एसीची झडप तोंडावरून बाजूला वळवली. “महिना झाला, आम्ही दोघं हेच बोलतोय. आश्लेषा म्हणते, बाबांना विचारू या ना, त्यांना रूम कुठली हवी, गार्डनकडची की कशी, तिकडे नागपूरचे लोक पण आहेत म्हणे खूप. मी म्हणतो, नको. विचारलं की ते म्हणतील, तुमचं तुम्ही बघा. तुमचं घर, तुमचा देश, तुमच्या या रस्त्यांवर, तुमच्याकडचा चहा. दोन वर्षांत एकदा, बाबा, एकदा तरी त्या घराला आपलं म्हणालात? अदितीने विचारलं मला, इज आजोबा व्हिजिटिंग? मी काय सांगू तिला?”

गाडी फ्रीवेवर चढली. म्हणजे दार या पोरांनी लावलेलं नव्हतं. महिनाभर ते उघडं ठेवून दोघं उभी होती, आत बोलवावं की नाही या विचारात, आणि जगन्नाथराव बाहेर उभे राहून दाराच्या रंगाला नावं ठेवत होते. बागेकडची खोली. इतकी वर्षं ज्याला रोज वापरून जुना झालेला म्हणून ते हसले, तो तीन अक्षरांचा शब्द आता जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. फक्त सोडायचा होता. आपण जाऊ. बस, एवढंच. कुठलंही व्याकरण नको, काळ नको, आपण एवढंच म्हटलं तरी पुढचं पोराने पुरं केलं असतं. त्यांनी श्वास घेतला. शंतनूने तो ऐकला असावा. त्याने गाडीचा वेग कमी केला आणि मान किंचित वळवली, आणि अवघड जागी आल्यावर तो जे करायचा तेच त्याने केलं.

“आय मीन, वुई हॅव डिस्कस्ड अबाउट धिस सो मेनी टाइम्स,” त्याचा आवाज चिरकला, “आय जस्ट वॉन्ट यू टू से समथिंग, बाबा.”

“डिस्कस्ड धिस,” जगन्नाथराव म्हणाले. “अबाउट लागत नाही.”

बोलून गेल्यावर त्यांना ते ऐकू आलं. ते परत घ्यावं म्हणून त्यांनी हात उचललाही, पण हात नुसता सीटबेल्टपर्यंत गेला आणि पट्टा नीट करून खाली आला. शंतनूच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. भात खाऊन ताटावरून उठणाऱ्या मुलाचा असतो तसा तो चेहरा झाला, समजूतदार, भूक मेलेला. “येस, सर,” तो म्हणाला. शाळेत तो त्यांना सर म्हणत असे, आणि घरी आल्यावर बाबा; इतकी वर्षं त्याने ही गल्लत कधी केली नव्हती. त्याने लेन बदलली, वेग पुन्हा वाढवला, आणि थोड्या वेळाने, नेहमीच्या आवाजात, हवापाण्याचं बोलावं तसं विचारलं, “नागपूरचा फ्लॅट अजून रिकामाच आहे ना, बाबा?”

“आहे,” जगन्नाथराव म्हणाले.